चाळीनं केलेली माझी शिरगणती

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्रीयुत नंदकुमार तावडे, प्रमुख पाहुणे डॉक्टर विद्याधर सबनीस, व्यासपीठावर विराजमान झालेले मुख्याध्यापक आणि शाळा समितीचे सभासद, माझे सहकारी शिक्षकबंधू आणि भगिनी, जोगेश्वरीतले पालकहो, मागे सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या सातेरीच्या चाळीतल्या माझ्या बायांनो, आणि आज पहिल्यांदाच न सांगता गप्प बसलेल्या माझ्या मुलामुलींनो,

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. मुख्याध्यापकांनी घड्याळ माझ्या समोर ठेवलंय, तेही मला दिसतंय. पण नऊ वर्षं मी तास संपल्याची घंटा झाल्यावर लगेच वर्ग सोडलेला नाही, हे मुलं सांगतील. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. त्यांचं ऐकताना मला सारखं वाटत होतं की ही जानकीबाई कोण आहे, तिला एकदा भेटायला हवं. सबनीस डॉक्टर म्हणाले, जानकीबाई कधी चिडत नाहीत. डॉक्टरसाहेब, आजवर तुमचं निदान कधी चुकलं नव्हतं. आज चुकलं. मी चिडते, चांगली चिडते. बोरिवलीच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून जाण्याआधी एका जुन्या चिडण्याची गोष्ट इथंच सांगून जावी, असं मी ठरवून आले आहे.

मला बोलायचंय माझ्या चेहऱ्याबद्दल. बघा, सभागृहात कशी शांतता झाली. नऊ वर्षं तुम्ही सगळ्यांनी सभ्यपणानं या विषयाला बगल दिलीत. बारीक डोळे, बसकं नाक, वर आलेली गालाची हाडं. आणि आडनाव केळुसकर. हे गणित कसं सुटतं, हे मला तोंडावर विचारण्याची हिंमत फक्त पहिलीतली मुलं करतात. म्हणून मला पहिलीचा वर्ग आवडतो.

गणित सोपं आहे. माझे वडील वेंगुर्ल्याचे. विसाव्या वर्षी बोटीनं रंगूनला गेले आणि तिथल्या एका तांदळाच्या गिरणीत कारकून झाले. तिथंच त्यांनी लग्न केलं. माझी आई ब्रह्मी. मी जन्मले रंगूनला, माझं लग्नही तिथंच झालं, एका केळुसकरांशी. बेचाळीस साली लढाई आली तेव्हा आम्ही दोघं डोंगररानातून चालत हिंदुस्थानात आलो. त्या चालण्याबद्दल आज मी बोलणार नाही. तो आनंदाच्या समारंभाचा विषय नव्हे.

मुंबईत आल्यावर मला कळलं की मी चिनी आहे. काही ठिकाणी मी नेपाळी होते. लढाई चालू होती तेव्हा काही दिवस जपानीसुद्धा होते, आणि ते दिवस फार वाईट गेले. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, अंगावर चोपून नेसलेलं पातळ, तरीही. लोक म्हणायचे, ‘यांनी आपले रीतिरिवाज किती छान उचललेत.’

मालाडच्या बाजारात एकदा एक गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी आ वासला. मी घाबरले. ते बोट घालून मागची दाढ दाखवत होते. आपल्याकडे चिनी माणूस म्हणजे एक तर दाताचा डॉक्टर, नाहीतर सायकलवर रेशमाचा गठ्ठा घेऊन फिरणारा. माझ्या खांद्यावर गठ्ठा नव्हता, म्हणजे मी दाताची डॉक्टर. आता अशा वेळी माणसानं काय करावं? पहिली दोन वर्षं मी घरी जाऊन रडले असते. त्यापुढची दोन वर्षं मी तिथंच भांडले असते. पण हे सत्तेचाळीस साल होतं, देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मीही थोडी झाले होते. मी नीट वाकून पाहिलं आणि सांगितलं, ‘किडलीय. काढून टाका.’ ते म्हणाले, ‘थँक्यू मॅडम.’ पुढं त्यांनी ती काढली की नाही ते मला माहीत नाही.

कांदिवलीला एका शेटजींनी मला विचारलं की तुझा नवरा आमच्या बंगल्यावर राखणीला येईल का. मी म्हटलं, ‘ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात, पण शिट्टी वाजवता येते का विचारून सांगते.’ आणि मी मराठीत पत्ता विचारला की हिंदीत उत्तर देणारे लोक तर रोजचे. सगळं ऐकून घेतात, पण उत्तर चेहऱ्याला देतात. त्यातले काही जण शेवटी कौतुकानं म्हणतात, ‘मराठी छान बोलता हो तुम्ही.’ त्यांना मी एवढंच म्हणते, ‘तुम्हीसुद्धा.’

तुम्ही हसताय, हसा. मीही हसून सांगते आहे. पण हसता येण्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. आणि या हसण्यात एक लबाडी असते, ती मला सात वर्षांपूर्वी कळली. ती कळली आपल्या सातेरीच्या चाळीत. तेच आज सांगायचंय.

एक्कावन्न साली शिरगणती झाली, ती थोरांना आठवत असेल. आम्हा शिक्षकांना त्या कामाला जुंपलं होतं. सकाळी शाळा, दुपारी छापील चिठ्ठ्यांचं पुस्तक काखेत मारून दारोदार. नाव काय, वय काय, जन्म कुठला, राष्ट्रीयत्व कुठलं, मातृभाषा कुठली. माझ्या वाट्याला सातेरीच्या दोन चाळी आल्या, बासष्ट बिऱ्हाडं. म्हणजे जिच्याकडे बघून सगळी मुंबई ‘ही कुठली’ म्हणून विचारते, तिलाच सरकारनं पेन देऊन बासष्ट घरांना विचारायला पाठवलं की तुम्ही कुठले. सरकारलाही कधीकधी विनोद सुचतो.

मी तेव्हा हंगामी होते. मार्चमध्ये कायम करायच्या शिक्षकांची यादी लागणार होती आणि शिरगणतीचं काम कुणी कसं केलं याचा शेरा त्या यादीबरोबर जाणार होता. आठ वर्षं मी या शाळेतून त्या शाळेत हंगामी म्हणून फिरत होते. या वेळी नाव लागलं नाही, तर पुन्हा लागण्याचं माझं वय उरलं नव्हतं. हे काम मला बिनचूक करायचं होतं.

आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडली होती. दुपारी घरात बायका. पहिला प्रश्न, घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव काय. आता आपल्याकडची कुठली बायको नवऱ्याचं नाव सरळ सांगेल? नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. शेजारणीला विचारावं, तर सातेरीची चाळ म्हणजे मालवणकडचा एकच गाव उचलून आणलेला. प्रत्येक पुरुष कुणाचा तरी थोरला दीर, कुणाचा मामेसासरा. त्यांचंही नाव घ्यायचं नाही. लहान पोराला विचारलं, ‘तुझ्या बाबांचं नाव काय?’ ते म्हणतं, ‘बाबा.’ रेशनकार्डावरून उतरवून घ्यावं, तर शिरगणतीच्या साहेबांचा सक्त हुकूम, कार्डावरून काही घ्यायचं नाही. कारण त्या काळात कार्डावर मेलेली माणसंसुद्धा साखर खात होती. माझे सहकारी दिवसाला चार चार घरं करून परत येत होते. इथं बसलेत, विचारा.

मी पहिल्या दिवशी पहिल्या दाराशी गेले. दार शेवंतीवहिनींचं. मी मनात तयारी केली होती की इथं अर्धा तास जाणार. प्रश्न विचारला. वहिनींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एका दमात सांगितलं, ‘गुणाजी.’

माझं पेन थांबलं. मी म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही नाव घेतलंत?’

त्या म्हणाल्या, ‘तुमका सांगूक काय हरकत? तुम्ही चिनातल्या. आमच्यातल्या नाय. तुमच्यासमोर घेतलेला नाव लागूचा नाय.’

कळलं का तुम्हाला? परक्या माणसासमोर घेतलेलं नाव हे घेतलेलं धरत नाहीत. हा शोध शेवंतीवहिनींनी लावला आणि दुपार संपायच्या आत तो दोन्ही चाळींना पटला. मी दाराशी गेले की बाया पटापट नावं सांगायच्या. काहींना तर त्यात गंमत वाटत होती. लग्नाला वीस वर्षं झालेली बाई नवऱ्याचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारते आणि आपलीच आपण हसते, हे मी पाहिलं. तीन दिवसांत माझी एक्केचाळीस घरं झाली. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हातानं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. ‘जानकीबाई, तुमच्याकडे काय जादू आहे?’

जादू काय होती ते मला माहीत होतं. शेवंतीवहिनींच्या दारात मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ‘वहिनी, मी वेंगुर्ल्याच्या माणसाची मुलगी आहे.’ एवढंच. मी ते बोलले नाही. चिठ्ठीवर ‘गुणाजी’ लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळले. नऊ वर्षं मला परकी समजणाऱ्या लोकांवर मी चिडत आले होते, आणि परकी समजल्याचा फायदा झाला तेव्हा मात्र गप्प बसले. मला त्याची लाज वाटली, मित्रहो, पण घरं भराभर होत होती आणि लाज बाजूला ठेवणं सोपं गेलं.

चौथ्या दिवशी अंधेरीच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथं आमच्या कामावर देखरेख करणारे साहेब बसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्याच चाळींतून तक्रार आली होती. एक परदेशी बाई घराघरात जाऊन माणसांची नावं, जन्मगावं, कामधंदे लिहून घेते आहे. ती कुणासाठी लिहिते? तिला हे काम दिलं कुणी?

मी सांगितलं, ‘साहेब, मी भारतीय आहे.’

ते म्हणाले, ‘कशावरून?’

आता कशावरून म्हणजे काय सांगायचं? माझे कागद ब्रह्मदेशातून येताना वाटेवर एका नदीत गेले होते. मी शाळेचं नेमणुकीचं पत्र दाखवलं. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, ‘बाई, मला तुमचं पटतंय. पण तक्रार लेखी आहे, मलाही वर उत्तर द्यायचंय. तुमच्या चाळींतल्या कुणातरी प्रतिष्ठित माणसाची सही आणा की ही बाई आमच्या ओळखीची, इथलीच आहे. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर पुस्तक काढून घ्यावं लागेल आणि शाळेला कळवावं लागेल.’

शाळेला कळवणं म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

चाळीत प्रतिष्ठित माणूस कोण? बाकी सगळे गिरणीतले, गोदीतले. कोट घालून कचेरीत जाणारे एकच. त्या दिवशी रथसप्तमी होती. संध्याकाळी सहाला मी त्यांच्या दाराशी उभी राहिले आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, ‘बाई, तक्रार मीच केली आहे.’

अध्यक्षमहाराज, तुम्ही का हलताय खुर्चीत? अजून मी नावही घेतलं नाही.

घेते. ते होते श्रीयुत नंदकुमार तावडे, आजच्या समारंभाचे अध्यक्ष. हे सांगायला मी त्यांची परवानगी घेतलेली नाही. त्यांच्या पत्नी प्रेमावहिनींची घेतली आहे. त्यांनी आनंदानं दिली.

तर तावडेसाहेब मला म्हणाले, ‘माझं तुमच्याशी वैर नाही. पण मी कचेरीतून आलो तर माझी बायको सांगते की एका चिनी बाईला मी तुमचं नाव सांगितलं. उद्या या नावांचं काय होईल कोण जाणे.’ मी म्हटलं, ‘मी चिनी नाही.’ ते म्हणाले, ‘दिसतंय की.’ मी कपाळावरचं कुंकू दाखवलं. ते म्हणाले, ‘कुंकू काय, बाजारात मिळतं.’

आतून प्रेमावहिनी नवं पातळ नेसून बाहेर येत होत्या. चार दारं पलीकडे रुक्मिणीकाकूंकडे हळदीकुंकू होतं, चाळीतल्या सगळ्या सवाष्णी तिथं जमल्या होत्या. आमचा आवाज ऐकून त्या सगळ्या बाहेर आल्या. शेवंतीवहिनींनी विचारलं, ‘काय झाला?’

मी तेव्हा खरं बोलले. आधी बोलायला हवं होतं, तेव्हा बोलले नाही. आता सगळंच जायची वेळ आली तेव्हा बोलले, त्यात फार मोठेपणा नाही. मी म्हटलं, ‘मी चिनातली नाही. माझो बापूस वेंगुर्ल्याचो. आई रंगूनची, ब्रह्मी. तुम्ही मला परकी समजलात ते मला कळत होतं. मी गप्प राहिले.’

कुणाचा विश्वास बसला नाही. मला वाटलं होतं, मालवणीतलं एक वाक्य ऐकलं की दारं उघडतील. शेवंतीवहिनी म्हणाल्या, ‘हेका काय अर्थ? तो रेशीमवालो चिनी पण मालवणीतच भाव करता.’ तावडेसाहेबांनी मान हलवली, म्हणजे बघा, मी सांगत होतो.

रुक्मिणीकाकू उंबऱ्यात उभ्या होत्या. साठीच्या, हातात कुंकवाचा करंडा. गिरगावात लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे बोलणं शहरी. आज त्या इथं आहेत, मागे उजव्या बाजूला. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, अगदी साधा. ‘काय हो बाई, तुमच्या मालकांचं नाव काय?’

हाच प्रश्न मी तीन दिवसांत एक्केचाळीस दारांत विचारला होता. माझी आई माझ्या वडिलांना सगळ्यांदेखत नावानं हाक मारायची, तिच्याकडे तशीच रीत होती. मी शिकलेली, नोकरी करणारी, सरकारचं पुस्तक काखेत. एक शब्द सांगायचा होता आणि त्या शब्दावर माझी नोकरी वाचणार होती.

मला तो सांगता येईना. हात आपोआप पदराकडे गेला. मान खाली गेली. कान गरम झाले. मी म्हटलं, ‘आमचे हे... ते छापखान्यात असतात.’

काकूंनी पुन्हा विचारलं, ‘ते कळलं. नाव काय?’

मी म्हटलं, ‘के... केळुसकर.’

आधी प्रेमावहिनी हसल्या. मग सगळ्याच. शेवंतीवहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘ही खंयची चिनी? ही तर माझ्यापरीस जास्त लाजता.’

कुंकू बाजारात मिळतं, भाषा शिकता येते. पण नवऱ्याच्या नावाशी येऊन अडखळणं हे कुठल्या बाजारात मिळणार? ते मला कुणी शिकवलंही नव्हतं. रंगूनला आमच्या चार कोकणी घरांत बायकांना बघत बघत ते कधी अंगात आलं, माझं मलाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मी कागद दाखवत आले, वंशावळ सांगत आले. त्या दिवशी मी काहीच सिद्ध केलं नाही, मला बोलताच आलं नाही, आणि त्यांना सगळं पटलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण हसणं थांबलं आणि शेवंतीवहिनींचा चेहरा बदलला. त्यांच्या लक्षात आलं. ही आपल्यातली. म्हणजे आपण हिच्यासमोर नाव घेतलं ते लागलं.

‘तीन दिवस गप कित्याक रवलंस?’ त्या माझ्या अंगावर आल्या. ‘आमच्या तोंडातसून नावां काढून घेतलंस?’

एकेक बाई बोलू लागली. कुणाचा नवरा गोदीत जोखमीच्या कामावर, कुणाचा आजारी. नावं खोडा, म्हणाल्या. मी पुस्तक हातात घेऊन उभी होते. नावं खोडली तर एक्केचाळीस चिठ्ठ्या फुकट, आणि सही तर आता कोण देणार? तरी मी म्हटलं, ‘माझी चूक झाली. तुम्ही म्हणत असाल तर खोडते.’ आणि खरंच खोडणार होते. माझ्यापाशी दुसरं काही द्यायला नव्हतं.

रुक्मिणीकाकूंनी माझा हात धरला. ‘खोडायचं काही नाही. नावं चुकीच्या रीतीनं घेतली गेली, ती रीतीनं घ्या. आज रथसप्तमी आहे, हळदीकुंकू आहे, याहून चांगला मुहूर्त कुठला? सगळ्याजणी उखाण्यात नाव घ्या, म्हणजे दोष गेला. आणि पहिलं नाव हिनं घ्यायचं. हा हिला दंड.’ असं म्हणून त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं आणि जुन्या कुंकवावर नवं कुंकू लावलं.

तो उखाणा मी आयुष्यात एकदाच घेतला. आज परत घेते. ज्यांचं नाव आहे ते तिसऱ्या रांगेत बसलेत आणि आत्तापासूनच खाली बघताहेत.

चालत आले डोंगररानं, जोगेश्वरी केलं गाव,
काकूंच्या या उंबऱ्यात घेते काशीरामरावांचं नाव.

थांबा, टाळ्या नंतर. मग शेवंतीवहिनींनी घेतला, मग एकीमागून एक. मी जमिनीवर मांडी घालून बसले, पुस्तक उघडलं, आणि एकेक उखाणा झाला की त्या चिठ्ठीवर खूण करत गेले. जी एकवीस घरं राहिली होती, तीही तिथंच पूर्ण झाली. हिंदुस्थानात इतरत्र शिरगणती कशी झाली ते मला माहीत नाही, पण सातेरीच्या चाळीची हळदीकुंकवात, तिळगूळ खात झाली. शेवटचा उखाणा प्रेमावहिनींचा. तावडेसाहेब आपल्या दारात उभे होते, कोट न घालता.

फायलीवर फाईल, सहीवर सही,
नंदकुमाररावांच्या रागाला माझ्या घरी जागा नाही.

मग काकू म्हणाल्या, ‘सही हवीय ना तुम्हाला? कुठं करायची?’ मी म्हटलं, ‘अंधेरीच्या साहेबांना प्रतिष्ठित माणसाची हवी आहे.’ काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं कोरा कागद काढला. पहिली सही प्रेमा नंदकुमार तावडे. नाव पूर्ण लिहायचं म्हणजे मधलं नावही लिहिणं आलं, तेही त्यांनी ठळक लिहिलं. काही सह्या, बाकी अंगठे, शाई संपली तेव्हा काजळ. एकूण बासष्ट.

दुसऱ्या दिवशी अंधेरीला साहेबांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. ‘तक्रार तावड्यांची, आणि पहिली सही तावडे?’ मी म्हटलं, ‘त्यांच्या मंडळी.’ त्यांनी खालचे अंगठे बघितले. ‘मी एका प्रतिष्ठित माणसाची सही मागितली होती. या सगळ्या कोण?’ मी म्हटलं, ‘साहेब, माझ्या चाळींतली प्रतिष्ठित माणसं.’ मग त्यांनी शिक्का उचलला. त्या शिक्क्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मार्चमध्ये यादी लागली, त्यात माझं नाव होतं.

तावडेसाहेबांनी कधी माफी मागितली नाही. जूनमध्ये त्यांनी आपली मुलगी नीला हाताला धरून आणली आणि माझ्या वर्गात बसवली. मला ते पुरलं.

आता शेवटचं. आत्ता तुम्ही मला मानपत्र दिलंत. फार सुंदर अक्षर आहे, फार सुंदर शब्द आहेत. त्यात लिहिलंय, ‘जानकीबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या.’ बस, एवढंच. रंगून नाही, ब्रह्मदेश नाही. तुम्ही ते विसरला नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही प्रेमानं गाळलंत. बाईला भर सभेत अवघडल्यासारखं नको, म्हणून.

पण मला मराठी शिकवली ती आईनं. वडील दिवसभर गिरणीत. त्यांच्या घरची भाषा मुलीला यावी म्हणून त्या ब्रह्मी बाईनं शेजारच्या कोकणी बायकांकडून मालवणी उचलली, वडिलांकडून वाचायचं शिकून घेतलं आणि माझ्या हाताला धरून मला अक्षरं गिरवायला लावली. अडतीस साली ती रंगूनलाच वारली. या शाळेत तुमच्या मुलांना मी ज्या मराठीत शिकवलं, ती तिची मराठी आहे. मला चिनी म्हणणाऱ्यांवर मी हसले, चिडले. पण मला ब्रह्मी म्हणणाऱ्याशी मी कधी भांडले नाही, कारण तो माझ्या आईबद्दल बोलत असतो. हा चेहरा तिचा आहे, आणि तो घेऊन मी बोरिवलीला मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसणार आहे.

म्हणून अध्यक्षमहाराज, हे मानपत्र तुम्ही क्षणभर परत घ्या. वेंगुर्ल्याच्या पुढं थोडी जागा आहे, मी बघून ठेवली आहे. तिथं तिचं नाव लिहा, ‘आई मा म्या, रंगूनची.’ मंडळी, साहेब खिशातून पेन काढताहेत. आता पेन बाजूला ठेवलंय... नाही, चष्मा पुसताहेत. घेतलं. लिहिताहेत.

मला सांभाळून घेणाऱ्या या शाळेचे, सहकाऱ्यांचे, सतरंजीवरच्या बासष्ट प्रतिष्ठित माणसांचे आणि माझ्या मुलांचे मी मनापासून आभार मानते. दिलेल्या वेळेच्या दुप्पट बोलले, त्याबद्दल मुख्याध्यापकांनी रागावू नये. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखलं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर तो माझा दोष समजून मला क्षमा करा.

अध्यक्षांचं लिहून झालं आहे. त्यांनी शाई वाळावी म्हणून मानपत्र उलटं न ठेवता दोन्ही हातांत उघडं धरलंय, तुम्हा सगळ्यांना वाचता येईल असं. मी ते घेते आणि तुमचा निरोप घेते.